दर पावसाळ्यात डोअर पॅड सुटतात? आधी दरवाजा तपासा

तक्रार दर वर्षी जवळजवळ शब्दशः सारखी असते. उन्हाळ्यात हौसेने जुन्या गाडीला नवे डोअर पॅड, म्हणजे दरवाजाच्या आतल्या बाजूला लावायची आवरणं, करून आणले, रेक्झिनचा रंग जुळला, शिवणीही मूळ गाडीसारख्या आल्या, चार लोकांनी कौतुक केलं. गणपतीच्या आसपास बघावं तर पॅडची खालची कड केबिनकडे वळलेली. हाताने दाबली की क्लिप टक्कन बसते, आणि दोन दिवसांनी पुन्हा बाहेर. मग पॅड बनवणाऱ्याला फोन जातो. तो म्हणतो, "साहेब, पुण्यात एवढे सेट दिलेत, एकाची तक्रार नाही." त्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि रत्नागिरीत ३००० च्या वर. वर खारे वारे आहेतच. तिथे खपून जाणारा पॅड इथे कोकणात श्रावण बघत नाही.

हे लिहितोय ते बोर्डावर रेक्झिन ताणून केलेल्या पॅडबद्दल. म्हणजे फियाट ११००, तिचीच पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली ती, अँबॅसिडर, हेराल्ड, आणि कुणाच्या मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, अजून जुनी डुक्कर फियाट असेल तर तीही. नंतरच्या गाड्यांचे साच्यात ओतलेले प्लास्टिकचे पॅड असतात, त्यांची दुखणी वेगळी.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: दहापैकी आठ वेळा दोष पॅडचा नसतो, पॅडच्या मागे असलेल्या दरवाजाचा असतो. उरलेल्या वेळी बहुधा बोर्डाची पाठ रंग किंवा सीलर न लावता कोरडी सोडलेली असते. मालवणकडचा एक जुना कुशनवाला, म्हणजे गाड्यांच्या सीट आणि पॅड शिवणारा, याबाबत फार फटकळ होता. कुणी सुटलेला पॅड घेऊन आलं की विचारायचा, "बोर्डाक कित्याक दोष देतस? आधी दरवाजो बग." गिऱ्हाईक वैतागायचं, पण तो दरवाजा बघितल्याशिवाय पॅडला हात लावत नसे.

पॅड काढा आणि पाठ बघा

काढताना घाई नको. आधी काच वर-खाली करायचं हँडल. काही गाड्यांत हँडलच्या मानेतून आडवी पिन असते. मागची तबकडी आत दाबली की पिन दिसते आणि बारीक पंचने ढकलता येते. काही गाड्यांत घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप असते. तिच्यासाठी जुन्या सुती फडक्याची पट्टी हँडल आणि तबकडीच्या मधे घालून मागेपुढे ओढा, क्लिप निसटते. निसटली की ती उडते आणि सीटखालच्या अशा जागी जाते की पुढच्या शाकारणीपर्यंत सापडत नाही, म्हणून वर एक हात धरा. पॅड उपसायला स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. त्याचं टोक बोर्डात रुततं आणि क्लिपचं भोक फाटतं. लांबी (पुट्टी) मारायची रुंद पत्ती घ्या, ती क्लिपच्या अगदी जवळ घाला आणि प्रत्येक क्लिप वेगळी सोडवा. मधेच धरून ओढलेल्या पॅडची एक तरी क्लिप बोर्ड फाडून दरवाजातच राहते.

आता पॅड पालथा करून उजेडात धरा. इथेच निम्मं निदान होतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पॅड सुटला की थेट नव्या क्लिपा आणायला धावतात.

पाठीवर खालच्या कडेला समांतर, तपकिरी रंगाची एक रेघ दिसते का? भरतीचं पाणी उतरल्यावर पुळणीवर उरते तशी. ती असेल तर दरवाजाच्या तळाशी पाणी साठून राहत होतं. रेघ जितकी वर तितकं पाणी उभं होतं. निचऱ्याची भोकं बुजली आहेत, दुसरं काही शोधत बसू नका.

रेघ नाही, पण वरून खाली ओघळ उतरलेले आहेत, आणि ते दरवाजाच्या आतल्या पत्र्यातल्या एखाद्या मोठ्या भोकासमोरूनच सुरू होतात, तर पाणी साठत नाही, उडतंय. काचेवरून उतरलेलं पाणी त्या भोकातून थेट बोर्डावर पडतंय. आतला प्लास्टिकचा कागद फाटलाय किंवा कुणीतरी काच मशीनचं, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचं, काम करताना काढून टाकलाय आणि परत लावलेला नाही. याची शक्यता सगळ्यात जास्त. जुन्या गाडीच्या काच मशीनला कधीतरी कुणाचा तरी हात लागलेला असतोच.

ना रेघ, ना ओघळ, पण सगळ्या पाठीवर पांढुरकी किंवा करडी बुरशी सारखी पसरलेली, तर थेंबभर पाणीही आलेलं नसेल. ही नुसती दमट हवा. पावसाळाभर बंद राहिलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं, आणि अशा गाडीचा दरवाजा उघडताच तो कुबट वास येतो.

पाठ बघून झाली की पॅड सपाट फरशीवर, पाठ खाली करून ठेवा आणि वाक कुठल्या बाजूला आहे ते बघा. कडा वर उचलल्या गेल्या आहेत आणि मध्य फरशीला टेकलाय, म्हणजे पाठ प्यायली. पुढच्या बाजूला रेक्झिन आहे, ते ओल आत घेत नाही. मागची बाजू उघडी, ती ओल घेते, तिथले तंतू फुगतात, पाठ लांब होते आणि पुढची बाजू तेवढीच राहते. म्हणून कडा केबिनकडे वळतात आणि क्लिपांना उपटून काढतात. याउलट गाडीवर असताना कडा जागच्या जागी, पण मधे पोट आलेलं, तर बोर्ड सगळीकडून वाढलाय आणि त्याला वाढायला जागाच नाही. क्लिपा आणि फ्रेम त्याला चारी बाजूंनी धरून आहेत, तो जाणार कुठे? पुढे येतो. हे दोन दोष वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. पोट आलेल्या पॅडला आणखी क्लिपा मारल्या तर पोट वाढतं.

पाणी कुठून येतं

एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: दरवाजाच्या आत पाणी येणं हा बिघाड नाही. पाणी येणारच. काचेच्या बाहेरच्या कडेचं रबर पाणी पूर्ण अडवू शकत नाही, ते फक्त कमी करतं. उरलेलं काचेवरून आत उतरतं, तळाशी जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच दरवाजा केलेला आहे. काम एवढंच, की आत आलेलं पाणी बोर्डाला न शिवता बाहेर जावं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पॅड काढलेला असतानाच बघा. एकाला बाहेरून तांब्याने काचेच्या खालच्या कडेवर हळूहळू पाणी सोडायला सांगा. आपण आतून, आतल्या पत्र्याच्या भोकाशी टॉर्च धरून बसायचं. पाणी काचेच्या बाहेरच्या अंगाने सरळ खाली येतं आणि काच ज्या पन्हळीत बसवली आहे तिच्या टोकाशी थेंब जमतात. तिथून काही थेंब थेट तळाला पडतात, ते आपले. पण काही काच मशीनच्या दांड्यावर पडतात, दांड्याच्या उतारावरून ओघळत सांध्यापर्यंत येतात आणि तिथून आतल्या पत्र्याच्या कडेवर. कडेवर थेंब क्षणभर थांबतो, फुगतो आणि आपल्याकडे, म्हणजे पॅड असतो त्या बाजूला, सुटतो. पाच मिनिटं बघितलं की आपल्या दरवाजात तो थेंब नेमका कुठल्या भोकाशी सुटतो ते कळतं. पॅडच्या पाठीवरचा ओघळ तिथूनच सुरू झालेला असतो, ताडून बघा.

आता तळाची भोकं. ती दरवाजाच्या खालच्या दुमडीत असतात, वाकून बघावी लागतात. आपल्याकडे ती दोन गोष्टींनी बुजतात. जांभ्याची तांबडी धूळ काचेच्या फटीतून आत जाते, ओली होते, वाळते, पुन्हा ओली होते, आणि तळाशी तिचा गिलावा तयार होतो. किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर त्यात सुरूच्या झाडाच्या काड्या मिसळतात, मग तो गिलावा अधिकच पक्का. दुसरं कारण माणसांचं: दरवाजा कधी डेंटिंगला गेला असेल तर लांबी किंवा अंडरकोटिंग भोकांवरच फासलेलं असतं. पॉलिश केलेल्या, चकाकत्या गाडीच्या दरवाजाला एकही भोक उघडं नाही, असं सर्रास दिसतं. सायकलच्या चाकाची तार घेऊन भोकं मोकळी करा, मग आतून मगभर पाणी ओतून ते सगळं बाहेर येतं का बघा. तार घालताना पत्रा कुरकुरला किंवा तार भलत्याच ठिकाणी आरपार गेली, तर दुमड गंजलेली आहे. पॅडचं काम थांबवा आणि आधी पत्र्याचं काम करून घ्या.

काचेच्या रबराबद्दल एक आडवी गोष्ट. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांच्या गाडीचं हे रबर लवकर कडक होतं, असं माझं निरीक्षण आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे पानांवरून जो चिकटा गळतो तो रबरावर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि काच वर-खाली करताना तो लेप रबराला घासत राहतो. साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन टाकलं तरी पुरे. पेट्रोलने पुसू नका, रबर फुगतं.

मुख्य उपाय मात्र प्लास्टिकच्या कागदाचा. आतला पत्रा आणि पॅड यांच्यामधे सलग कागद हवा. जाड पॉलिथिन घ्या, २०० मायक्रॉनच्या आसपासचं. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं. तो कागद पत्र्याला चारी बाजूंनी चिकटवायचा, हँडलच्या दांड्यांसाठी फक्त लहान फुली चिरायची, आणि खालची कड दरवाजाच्या आत वळवायची. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, कारण पाणी पुढे सरकलं पाहिजे आणि मागे फिरायला नको. इथेही तेच. कागदावर पडलेला थेंब घसरून पुन्हा दरवाजाच्या पोटात पडला पाहिजे. बहुतेक जण कागद सरळ पत्र्यावर खालपर्यंत चिकटवून मोकळे होतात. मग पाणी कागदाच्या खालच्या टोकाशी येतं आणि नेमकं पॅडच्या खालच्या कडेवर सुटतं, म्हणजे कागद नसता तर जिथे पडलं असतं त्याहून वाईट जागी. दरवाजाला तळाशी आडवी फट असेल तर कागद तिच्यातून आत घाला. नसेल तर सर्वांत खालच्या भोकात त्याची जीभ करून आत सोडा आणि दोन्ही बाजू त्या जिभेकडे उतरत्या चिकटवा.

चिकटवायला ब्यूटाइल टेप. पत्र्याच्या छपराला लावतात तोच प्रकार, काळा, लपलपीत, वर्षानुवर्षं मऊ राहणारा. खोक्यांना लावायचा तपकिरी टेप इथल्या हवेत पहिल्याच पावसात सुटतो. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दरवाजाच्या पत्र्यावर लावू नका. वाळताना ते ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्यावर गंज धरायला तेवढं पुरतं.

बोर्ड

मूळ गाड्यांत साधारण तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड असायचा. लाकडाचे तंतू उष्णता आणि दाबाखाली दाबून तो बनतो. पारंपरिक पद्धतीत वेगळा डिंक जवळजवळ नसतोच, लाकडातलं लिग्निनच तंतूंना धरून ठेवतं. तो वाईट माल मुळीच नाही. पण तो हवेबरोबर वाढतो आणि आखडतो. कोरड्या हवेतून पावसाळी हवेत आला की मीटरभर लांबीत दोन-तीन मिलिमीटर वाढ सहज होते. शिवाय कड एकदा पाण्याने फुगली की ती जाडी पुन्हा पूर्ण बसत नाही. फुगलेली कड ठोकून, दाबून, इस्त्री फिरवून सरळ करायचे जे उपाय लोक सांगतात ते दोन आठवडे टिकतात. ती कड गेली असं धरा.

म्हणून नवा पॅड आला की लगेच बसवू नका. तो दूरच्या कोरड्या गावातून आलेला असतो. आठवडाभर घरात सपाट ठेवून त्याला इथली हवा लागू द्या. भिंतीला टेकवून उभा ठेवलात तर तो तिथेच वाकेल.

मग पाठ बंद करायची. हे काम पॅड बनवणाऱ्याने करायला हवं, पण फार थोडे करतात, कारण पाठ कुणाला दिसत नाही. पीयू सीलरचे किंवा पातळ केलेल्या ऑइल पेंटचे दोन हात पाठीवर, आणि कडांना, क्लिपच्या भोकांच्या आतल्या बाजूला तिसरा. भोकांचा आतला काठ विसरला तर बाकी सगळं व्यर्थ, ओल तिथूनच शिरते. ऑर्डर देताना "रेक्झिन चढवण्याआधी बोर्ड दोन्ही बाजूंनी सील करून द्या, जास्तीचे पैसे देतो" असं स्पष्ट सांगितलं तर उत्तमच. दोन्ही बाजू सारख्या बंद असल्या की ओल शिरली तरी सारखी शिरते आणि बोर्ड वाकत नाही.

होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात म्हणून पॅडलाही लावावं का, असं विचारणारा कुणीतरी भेटतोच. लाकूड टिकवण्यासाठी ते तेल उत्तम. पण ते कातडीला भाजतं, वास जात नाही आणि रेक्झिनमधून डाग वर येतो. ते होडीलाच राहू द्या.

आकाराचंही बघा. चारी बाजूंनी निदान दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. डिसेंबर-जानेवारीत अगदी घट्ट, नेटका बसलेला पॅड जुलैत पोट काढणार, कारण तेव्हा तो वर्षातला सगळ्यात लहान होता. पोट आलेल्या पॅडवर उपाय तोच: रेक्झिनची मागची दुमड सोडवा, बोर्ड घासून थोडा कमी करा, घासलेली कड पुन्हा सील करा, आणि क्लिपची भोकं लांबट करा. एकच क्लिप, शक्यतो मधली, घट्ट भोकात. बाकीच्यांना सरकायला वाव. असं केल्यावर बोर्ड मधून दोन्हीकडे वाढतो आणि वाढलेला कुठे ढकलला जात नाही.

हार्डबोर्डच नको म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. चार मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा छाप असलेला, चांगला चालतो. लांबीत फारसा वाढत नाही. मात्र कडा त्यालाही सील कराव्या लागतात, आणि दुकानदार आयएस ३०३ चा साधा प्लाय "वॉटरप्रूफच आहे" म्हणून देईल तेव्हा छाप वाचून घ्या. सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीचा फोम शीट, पाणी पीत नाही म्हणून हल्ली लोकप्रिय आहे. पण बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी असेल तर आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं आणि तेवढ्यात हा शीट नरम पडायला लागतो. पावसाळ्यात ताठ आणि उन्हाळ्यात लुळा. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो ॲल्युमिनियमचा एसीपी शीट ना फुगतो ना लुळा पडतो, पण गाडी चालू असताना गुणगुणत राहतो आणि कापलेली कड सुरीसारखी, रेक्झिन आतून कापते. माझी पसंती अजूनही नीट सील केलेल्या हार्डबोर्डालाच आहे. मूळ जाडी राखली की हँडल, चटई, दरवाजाचं रबर, सगळं जागच्या जागी बसतं.

जाडीचा मुद्दा बारीक वाटतो, पण त्यातून एक वेगळीच तक्रार निघते: नवा पॅड बसवल्यापासून काच फिरवायला जड जाते. मशीनला ग्रीस घालून उपयोग होत नाही. चार मिलिमीटर प्लाय, वर जाड फोम, वर रेक्झिन असा थर झाला की दांडा पॅडच्या बाहेर पुरेसा येत नाही. हँडल अर्ध्याच दात्यांवर बसतं आणि तबकडी फोमवर घासत राहते. मग एक दिवस दाते झिजून हँडल नुसतं फिरतं. दांड्याभोवती तबकडीएवढ्या गोलात फोम कापून टाका. दुरून दिसत नाही.

भोकं जुळत नाहीत तेव्हा

पद्मिनीचा पॅड म्हणून मागवला, पद्मिनीचाच आला, तरी क्लिपा भोकांसमोर येत नाहीत. यात बनवणारा लबाड असेलच असं नाही. त्याने साचा कुठल्या तरी एका गाडीवरून काढलेला असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या गाडीच्या दरवाजाचा आतला पत्रा निदान एकदा तरी कुणी कापलेला, जोडलेला, सरळ केलेला असतो. डावा आणि उजवा दरवाजा एकमेकांशी जुळत नाहीत, मग मुंबईतल्या साच्याशी कुठून जुळणार? ऑर्डर देण्याआधी दरवाजावर खाकी कागद लावून प्रत्येक भोकाचा ठसा पेन्सिलने घासून उतरवा, चारही दरवाजांचा वेगळा, आणि कागदावर "डावा पुढचा, वर ही बाजू" असं लिहून पाठवा. साच्याऐवजी त्या कागदावरून कापायला सांगा.

पॅड आलेलाच असेल तर दरवाजाला नवी भोकं पाडू नका. पत्र्यात पाडलेलं प्रत्येक उघडं भोक इथे दोन वर्षांत गंजाची गाठ होतं. बोर्डाकडची क्लिपची जागा हलवा. जुन्या खाचेवर मागून पातळ प्लायचा तुकडा चिकटवायचा आणि शेजारी नवी खाच पाडायची.

क्लिपा सारख्या निसटत असतील आणि बोर्ड सपाट असेल, तर पत्र्यातलं भोक बघा. गंजून मोठं झालेलं असतं. गोल कानशीने गंज खरवडा, झिंक प्रायमर लावा, पुरतं वाळू द्या, मग भोक मोजा. व्हर्नियर नसेल तर ड्रिलचे बिट उलटे करून एकेक घालून बघा, जो सैलसर बसेल तो माप. त्या मापाच्या प्लास्टिकच्या क्लिपा घ्या. मारुतीच्या क्लिपा जवळजवळ प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात निरनिराळ्या मापांत मिळतात. मूळच्या पोलादी तारेच्या क्लिपा दिसायला बरोबर आहेत, पण खाऱ्या हवेत त्यांची स्प्रिंग गंजते आणि गंजाचं पाणी भोकातून खाली उतरतं. प्रदर्शनाला न्यायची गाडी असेल तरच त्यांचा हट्ट धरा, आणि मग बसवण्याआधी ग्रीसमध्ये बुडवा. बोर्डावर स्टेपल मारलेले असतील तर त्या पिनाही स्टेनलेसच्या हव्यात. साध्या पिना गंजून रेक्झिनची दुमड तपकिरी करतात आणि नंतर तुटतात.

रेक्झिन सुटून फुगे येत असतील तर तो बहुधा पावसाळ्यात केलेल्या कामाचा परिणाम. रबराचं सोल्यूशन, म्हणजे फेव्हिकॉल एसआरसारखं काहीही, लावल्यावर त्यातला द्राव उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा आधीच पाण्याने भरलेली, मग त्या थंड थरावर बाष्प बसतं. सोल्यूशन हाताला सुकं लागतं, पण वर पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो आणि त्यावर रेक्झिन दाबलं की चिकटल्यासारखं वाटतं, चिकटत नाही. कुशनवाला जुलैत "उद्या देतो" म्हणाला तर त्याला सांगा, "दादा, घाई नाही, दिवाळीनंतर करा." अगदीच नड असेल तर बंद खोलीत, बोर्ड आणि रेक्झिन दोन्ही हेअर ड्रायरने कोमट करून.

कुरकुर आणि खडखड यांवर फार लिहीत नाही. बोर्ड पत्र्याला जिथे टेकतो तिथे फेल्टच्या पट्ट्या लावा. खालच्या कडेला मात्र फेल्ट नको, ते पाणी शोषून बोर्डाला पाजतं. तिथे बंद छिद्रांचा रबर फोम.

आत्ता पावसाळा चालू आहे आणि पॅड आत्ताच सुटलाय, तर काय? पूर्ण काढून घरात सपाट ठेवा, रेक्झिनची बाजू खाली, वर जड पुस्तकं. चुलीवर, उन्हात, पंख्याच्या झोतात धरू नका. एकच बाजू भराभर वाळली की तो उलटा वाकतो. दरवाजावर नुसता प्लास्टिकचा कागद नीट लावून ऑक्टोबरपर्यंत तशीच गाडी चालवा, दिसायला बोडकी दिसेल, पण पत्रा वाळेल. गाडी उभी असेल तेव्हा प्लास्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली ओल कोंडते. पडवीत किंवा मांगरात जागा असेल तर काच बोटभर खाली ठेवा, आणि पाऊस उघडला की दरवाजे तासभर उघडे. ओल शोषणाऱ्या पुड्या कपाटात ठीक आहेत. गाडीत त्या एका रात्रीत भरतात.

गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल, चिपळुणात २२ जुलै २०२१ ला कितीतरी गेल्या तशी, तर बोर्ड वाचवायच्या भानगडीत पडू नका. तंतूंमध्ये गाळ शिरलेला असतो, वरून कितीही वाळला तरी तो वास जात नाही. मात्र टाकण्याआधी खाकी कागदावर त्याची कड आणि भोकं उतरवून घ्या, रेक्झिनच्या शिवणीतली अंतरं मोजा, क्रोमच्या पट्ट्या आणि हँडलच्या तबकड्या काढून ठेवा. नवे पॅड त्याच मापावर होतात, आणि त्या तबकड्या आता सहजासहजी मिळत नाहीत.